पोच

ट्रेनिंगच्या तिसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर लिहिलं:
तुम्ही त्यांच्यातल्याच, म्हणून तुम्हाला निवडलं.
आणि त्याखाली:
मुलाखत घेताना आपलं सांगू नका.
आम्ही आठ जणींनी दोन्ही वाक्यं
एकाच पानावर उतरवून घेतली.

मी अपियो. जुळ्यांतली पहिली.
होमा बे, तळ्याकाठी, ओमेना वाळत घालतात
त्या जाळ्यांपलीकडचं निळ्या पत्र्याचं घर.
गोळ्यांची बाटली खुळखुळू नये म्हणून
आत कापूस कोंबायचा, हे मला कुणी शिकवलं नाही.
इथे ते प्रत्येकीला येतं, मासळी निवडता येते तसं.

टॅबलेटवर एकोणीस प्रश्न.
चौथा: तुमच्याकडे स्वतःचा फोन आहे का?
न्यासुबा म्हणाली, फोन माझा, पासवर्ड त्याचा.
रोझबेला आजी म्हणाली, आहे की,
पण सकाळी तो नातवाबरोबर शाळेत जातो.
आणि चार्जिंगला दहा शिलिंग.
दहा शिलिंगांत टोमॅटो येतात, पोरी.
सांग, तू काय घेशील?

'सांग'ला उत्तर द्यायचं नाही. नियम सहावा.

अकरावा: आरोग्यकेंद्राचे मेसेज तुम्हाला पोचतात का?
इथे मी दरवेळी थोडी थांबते.
टॅबलेट ते मोजत नाही.

अदोंगो, माझ्यामागून अकरा मिनिटांनी आलेली.
तिचा फोन होडीतून तळ्यात पडला.
तोच नंबर परत मिळवायला ओळखपत्र हवं,
ओळखपत्र सासरी,
आणि सासर म्हणजे जिथून ती रात्रीची निघाली होती.
पाचव्या महिन्यात खोकला लागला.
नंतर नर्स मला म्हणाली, आम्ही पाठवत होतो गं,
आणि संगणक माझ्याकडे वळवला:
पोचला. पोचला. पोचला.
तिला पुरलं त्याच्या पुढच्या महिन्यातही,
पोचला.

एका रविवारी मी तो नंबर लावला.
आकडे बोटांना पाठ होते.
पुरुषाचा आवाज. मागे कुणीतरी नारळ फोडत होतं.
मालिंदी, म्हणाला. देशाच्या दुसऱ्या टोकाचं पाणी,
आमच्यासारखं गोडं नाही.
नाव म्वारुवा.
मी अभ्यासाचं सांगितलं, संमती घेतली,
मधेच केव्हाही 'पुरे' म्हणू शकता, हे वाचून दाखवलं.
एक ते दहा सरळ गेले.

अकरा.

येतात की. पण माझे नाहीत.
'अदोंगो, उद्या तुझा दिवस. ये.'
दर महिन्याच्या चार तारखेला.
एकदा उत्तरही टाकलं, मी अदोंगो नाही म्हणून.
लगेच आलं: आभारी आहोत. तुमचा प्रतिसाद नोंदवला आहे.

पुसून का टाकले नाहीत?
हा प्रश्न यादीत नव्हता.
तो हसला.
मला दुसरं कोण म्हणतं, ये?

मग त्यानंच विचारलं,
पण ती जाते ना? वेळेवर?

तळ्यावर एक मोटारहोडी सुरू होईना.
कुणीतरी दोरी ओढत होतं, पुन्हा पुन्हा.
मी म्हटलं, पुढचा प्रश्न घेऊ या.
घ्या, म्हणाला.
त्याला कळलं की नाही, कोण जाणे.

बारावा: मेसेजचा तुम्हाला उपयोग झाला का?
पाचपैकी गुण द्या.

बराच वेळ नुसता नारळाचाच आवाज.
बायको गेल्यापासून, म्हणाला,
मी चार तारखेला दाढी करतो.
तीन लिहा.

मी तीन लिहिले.
संध्याकाळी टेकडीवर चढले,
तिथे दोन कांड्या रेंज मिळते,
आणि फॉर्म पाठवून दिला.
स्क्रीनवर एक शब्द आला.
तो मी वाचला नाही.